इस्तरीवाल्याला आजी नव्हती

सिरसाळ्याजवळची वस्ती
ता. ९ ऑक्टोबर २०२५

सत्यम,

आजीचा आशीर्वाद घे. तुझ्याआधी हे पत्र जे कोणी साहेब फोडून वाचतील त्यांना माझा नमस्कार. साहेब, मी चंद्रभागाबाई, सत्यमच्या बापाची आई. मला अक्षर येत न्हाई. मी बोलते आणि सत्यमची बहीण रोहिणी लिहिते. ती कॉलेजात जाते, म्हणून माझं बोलणं धुऊन वाळत घालायला बघते. मी दर पानाला तिला मोठ्यानं वाचायला लावते आणि जे माझं न्हाई ते खोडायला लावते.

सोमवारी जेलात तुझ्या मुलाखतीला आलते. मधी जाळी, अलीकडं वीस माणसं, पलीकडं वीस, सगळे एकदम ओरडायलेत. तू ओठ हलवत होतास, मी मान हलवत होते. कशाकशाला हो म्हणून आले ते मलाच ठाऊक न्हाई. म्हणून हे पत्र.

साहेबांना वाटंल, कोण हा नातू, काय करून आला. तर ऐका. आमची ऊसतोडीची टोळी. दिवाळी झाली की कारखान्याकडं जायचं, म्हणून खंडेनवमीला टोळीतले सगळे कोयते आमच्या अंगणात पुजतात. घासायचे, पाटावर मांडायचे, हळद-कुंकू वाहायचं, झेंडूचं फूल ठिवायचं. घरात जे जे अवजार असंल ते पाटावर यायलाच पाहिजे. विळा, खुरपं, कुऱ्हाड, माझा अडकित्तासुद्धा. त्या दिवशी सकाळी दळणासाठी ज्वारीच्या कोठीत हात घातला, तर फडक्यात गुंडाळलेलं लोखंड लागलं. चांगलं जड. मला वाटलं, बोअरच्या मोटारीचं काहीतरी असंल, सत्यमनं ठिवलं असंल. मी खोबरेल लावून पुसलं आणि कोयत्यांच्या मधोमध मांडलं. झेंडूचं फूल त्याच्या नळीतच बसलं. शोभत होतं.

धुळाजी, आमचे पोलीस पाटील, परसादाला आलते. शिऱ्याचा घास तोंडात आणि डोळे पाटावर. तो घास त्यांनी गिळला न्हाई आणि थुंकलासुद्धा न्हाई. म्हणले, "हे कुणाचं?" घर शहादेवचं, म्हणून त्यांनी शहादेवचं, सत्यमच्या बापाचं, मनगट धरलं. तेव्हा सत्यम पुढं झाला आणि म्हणला, "माझं हाय. सोडा त्यांना."

एवढंच झालं, साहेब. अडाणी बाईची चूक. जिला अ ओळखू येत न्हाई तिला पिस्तूल काय ओळखू येणार.

आता सत्यम, तुझ्याशी. पोलिसांनी तुझा मोबाईल नेला, त्यात आपला पिक्चर गेला. तू तिथं, पिक्चर ठाण्यात, मी इथं. दुपारी भांडी झाली की हात आपोआप धान्य मापायच्या अधोलीकडं जातो, तिला मोबाईल टेकवून बघायचो ना आपण. आता नुसती अधोली. मला एका जागी बसवत न्हाई. चुलीपाशी बसले की दारात जावं वाटतं, दारात गेले की वाटतं चुलीवर काहीतरी करपतंय. चुलीवर काहीच नसतं.

डाळीत पाणी लई असंल तर पाण्यात डाळ हाय असं समजून जेवत जा.

तुझी आजी

ता. १९ ऑक्टोबर २०२५

आजीस पाया पडतो.

पत्र मिळालं. साहेब वाचताना हसत होते, मी पाहिलं. तू स्वतःला दोष देऊ नको. तुला काय माहीत ते काय हाय. चूक माझी, मी कोठीत ठेवायला नको होतं. त्या घरात ज्वारी तूच काढते हे मला सुचलं नाही.

इथं बराकीत माझं नाव झेंडू पडलंय. कुणी कुणी काय काय करून आलंय, आणि मी एकटा असा की ज्याच्या कट्ट्याला हळद-कुंकू लागलं होतं. पहिले चार दिवस मी कुणाशी बोललो नाही. झोपायची जागा दोन हात, अंघोळीला रांग, जेवणाला रांग. सारखं उठून फिरावं वाटतं आणि फिरायला सात पावलं. सात जायची, सात यायची.

मग मी पिक्चर सांगायला लागलो. जेवण झालं की सगळे म्हणतात, सांग बे झेंडू. मी सुरुवातीपासून सांगतो. शहरातल्या चौकात लिंबाखाली इस्तरीचा गाडा. त्याच्याकडं एक शर्ट येतो, कॉलरमध्ये चिठ्ठी. चिठ्ठीत ज्याचं नाव, शर्ट त्याचाच. हा तो शर्ट कडक इस्तरी करून गरम गरम त्याच्या घरी देऊन येतो, आणि दुसऱ्या दिवशी तो माणूस त्याच शर्टात मरतो. पिक्चरभर हा बोलतो एकच शब्द, "झालं." एवढं सांगितलं की बराकीत खोकला पण ऐकू येत नाही. नांदूरघाटचे एक काका आहेत, खरोखरचा खून केलेले, बांधावरून सख्ख्या भावाचा. ते रोज पुढं येऊन बसतात. म्हणतात, "असं कधीच होत नसतंय लेका. पण पुन्हा सांग."

तू विचारायची ना, एवढं काय हाय त्या पिक्चरमध्ये? इथं येऊन कळलं. फडात मुकादम अण्णाला हाक मारतो "ए शहादेव". अण्णाचे केस पिकले तरी ए. इस्तरीवाल्याला अख्ख्या पिक्चरमध्ये कुणी ए म्हणत नाही. तो चालला की माणसं बाजूला होतात, आणि तो कुणाकडं बघत पण नाही. वाळूवाल्या अमरसिंह भैयांच्या कामाला लागलो, त्या पहिल्या दिवशी त्यांनी मला काय म्हणून हाक मारली सांगू? सत्यमराव. वाड्यावर सगळ्यांसमोर.

भैया मला सोडवतील. त्यांचा माणूस बंकट मुलाखतीला येऊन निरोप देऊन गेला. काळजी करू नको. अण्णा-आई कारखान्याला कधी निघणार?

सत्यम

ता. २ नोव्हेंबर २०२५

झेंडूरावास आजीचा आशीर्वाद.

राव मीही म्हणते, भैयांनाच म्हणता येतं असं थोडंच हाय.

तुझे अण्णा-आई काल टोळीबरोबर गेले. ट्रॅक्टरच्या दोन ट्रॉल्या, वर भांडी, कोंबड्या, बाजा. तुझी आई ट्रॉलीत चढली आणि परत उतरली, म्हणली लाटणं राहिलं. लाटणं तिच्या पिशवीत होतं, मी ठिवलेलं. रोहिणीची परीक्षा हाय, आणि मला आता वाकवत न्हाई, म्हणून आमी दोघी मागं. वस्ती रिकामी. कुत्रीसुद्धा टोळीमागं गेली.

आता तुझ्या पिक्चरचं. तू सांगितलंस तुला कावून आवडतो. मी कावून बघते ते तू कधी विचारलं न्हाईस. तुला वाटायचं म्हातारी तुझ्यासाठी बसते. तुझ्यासाठी मी एकदा बसले असते, अकरा वेळा न्हाई.

साहेब, तुमीही ऐका. त्या पिक्चरमध्ये तो माणूस काम करून आपल्या खोलीवर येतो. दार लावतो. कडी घालतो, कडीचा आवाज येतो. मग ताटली घेऊन बसतो आणि जेवतो. लई वेळ जेवतो. कुणी त्याला पाणी मागत न्हाई, कुणाचं लेकरू रडत न्हाई, कुणी म्हणत न्हाई आटप, गाडी भरायची हाय. मी बेचाळीस वर्षं ऊस तोडला. लग्न झाल्या साली फडात गेले, नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात तसा आमचा कोयता. तो तोडायचा, मी मोळ्या बांधून डोक्यावर गाडीकडं. तुझा बाप फडात झाला, सरीत. बेचाळीस वर्षांत मी सलग चार घास बसून खाल्ल्याचं आठवत न्हाई, आणि कडी असलेलं दार तर फडातल्या पाचटाच्या कोपीला नसतंयच. म्हणून मी तो पिक्चर बघते. तो माणसं मारतो तेव्हा मी सुपारी कातरते, वर बघतसुद्धा न्हाई. तो जेवायला बसला की मला बोलवायचं तुला सांगितलेलं होतं, आठवतं का?

पण एक गोष्ट मला पयल्यापासून खटकते. त्याला आई न्हाई, बहीण न्हाई, आजी तर न्हाईच. पिक्चरवाल्यांनी मुद्दाम ठिवली न्हाई. आजी असती तर तिनं विचारलं असतं, हा शर्ट कुणाचा आणलास, तुझ्या अंगाला तर येत न्हाई. अर्ध्या तासात पिक्चर संपला असता. आणि शेवटी तो मरून पडतो, सकाळपर्यंत गाड्यावरचा कोळसा धुमसत राहतो, तेव्हा कोण येतं? ज्याच्यासाठी माणसं मारली त्यातलं एक तरी येतं का?

रोहिणी केजच्या कोर्टाकडं जाऊन आली, तिच्या मैत्रिणीचा मामा तिथं कामाला हाय. गरिबाला सरकारचा वकील फुकट मिळतो म्हणे, जेलातूनच अर्ज करायचा. कागद साहेबांकडंच असतो. सावकाश चालंल, पण तो वकील तुझाच असंल. भैयांचा वकील भैयांचा असतो. नीट विचार कर.

तुझी आजी

(सत्यम, हे मी माझ्या मनानं लिहिते. आजी झोपत नाही. कोयते गेले तो पाट अजून अंगणातच आहे, ती उचलू देत नाही. — रोहिणी)

ता. १४ नोव्हेंबर २०२५

आजीस पाया पडतो.

सरकारी वकिलाचा कागद मागितला नाही. मागणार नाही. ते वर्ष वर्ष तारखा घेतात. बंकट परवा येऊन गेला. २७ तारखेला भैयांचा वकील वकीलपत्र घेऊन येतोय, साहेबांसमोर सही केली की आठ-पंधरा दिवसांत जामीन. संक्रांतीला मी घरी. तीळ आणून ठेव.

आणि बंकटनं एक सांगितलं, ते ऐकल्यापासून मला चैन नाही. धुळाजी परसादाला आलेच कसे? दर वर्षी येतात का? नाही येत. त्यांना कुणीतरी फोन केला. बंकट म्हणतो, नदीकडच्या बद्रीनाथनं. तोच, जो भैयांच्या वाळूच्या टिप्परवर अर्जावर अर्ज करतो. त्याला कुठून तरी वास लागला आणि त्यानं पाटलांना आपल्या अंगणात पाठवलं. तू बिचारी पूजा मांडून बसली होतीस, आणि त्यानं तुझ्या पूजेचा असा वापर केला.

मी सात पावलं चालतो आणि तेच डोक्यात. अण्णाचं मनगट पाटलांनी टोळीसमोर धरलं, ते बद्रीनाथमुळं. माझ्याशिवाय अण्णा-आई गेले, ते त्याच्यामुळं. बराकीत झेंडू झालो, तो त्याच्यामुळं. काल पिक्चर सांगताना मधेच थांबलो. पुढचं आठवेना. काका म्हणाले, "काय झालं बे?" मी भिंतीकडं तोंड करून झोपलो.

बाहेर आलो की बद्रीनाथचा शर्ट इस्तरी करून त्याच्या घरी देऊन येणार. तुला कळलं ना मी काय म्हणतो.

सत्यम

ता. १८ नोव्हेंबर २०२५

सत्यम,

कळलं. साहेबांनाही कळलं असंल, तुझा पिक्चर त्यांनीही ऐकलाय. हे पत्र रोहिणी आज स्पीड पोस्टानं टाकतेय, २७ च्या आत तुझ्या हातात पडायला पाहिजे. साहेब, तेवढी मेहरबानी करा. आणि पयल्या पत्रात मी तुमच्याशी खोटं बोलले त्याची माफी असावी.

धुळाजीला मी बोलावलं.

बद्रीनाथ न्हाई, कुणी न्हाई. सकाळी रोहिणीच्या फोनवरून मीच म्हणले, पाटील, यंदा टोळी लवकर जाणार, परसाद घेऊन जा. तिला विचार. तीही तेव्हा काही जाणत नव्हती.

आता पुढचं ऐक. नळीत झेंडू मी चुकून बसवला न्हाई. जो पिक्चर मी अकरा वेळा बघितला त्यात ते हत्यार किती वेळा दाखवतात? उशीखाली, कोळशाच्या पोत्यात, पिठाच्या डब्यात. तो पुसतो कसा, धरतो कसा, मला सगळं पाठ हाय. अशा बाईला कोठीत हात घातल्यावर वाटंल का, की बोअरच्या मोटारीचं हाय? तुला हे खरं वाटलं, सत्यम? सगळ्या वस्तीला वाटलं, पोलिसांना वाटलं, ते ठीक. त्यांना काय माहीत मी काय बघते. तुला माहीत होतं. तू माझ्या शेजारी बसायचास. अक्षर येत न्हाई म्हणजे डोळे न्हाईत असं तूसुद्धा धरलंस, ह्याचं मला त्या दिवशीपासून हसू येतं आणि मग हसू येत न्हाई.

कोठीत ते मला पूजेच्या दोन दिवस आधी सापडलं होतं. परत तसंच ठिवलं. त्याच संध्याकाळी बंकट आला आणि तुमी दोघं गोठ्याच्या भिंतीमागं बोलत होता. मी भिंतीच्या ह्या बाजूला शेण काढत होते. बंकट म्हणला, दसऱ्याला सोनं द्यायला जा. त्या दिवशी कुणाचं दार बंद नसतं, कुणी कुणाला अडवत न्हाई. तू पान पुढं करायचं, तो गळ्यात पडणार. तू विचारलंस, "नुसतं दाखवायचं ना?" तो म्हणला, "वेळेवर बघ." आणि तू गप्प बसलास. मी वाट बघितली तू काहीतरी बोलशील म्हणून. माझं घमेलं भरलं तरी तू बोलला न्हाईस.

कुणाच्या दारात जायचं होतं त्याचं नाव मी लिहीत न्हाई. आपल्या दोघांना माहीत हाय.

रात्री जेवताना मी विचारलं, दसऱ्याला कुठं कुठं जायचं रे? तू म्हणलास, कुठंच न्हाई. भाकरी चांगली झाली म्हणलास. त्या आधी तू कधी भाकरीला चांगली म्हणला नव्हतास.

तू म्हणशील, विहिरीत कावून टाकलं न्हाई. टाकलं असतं तर बंकटनं दुसरं दिलं असतं. तुझ्या बापाला सांगितलं असतं तर त्यानं तुला मारलं असतं आणि तू त्याच रागात गेला असतास. मग मला सुचलं की दोन दिवसांनी खंडेनवमी, घरातलं प्रत्येक अवजार पाटावर यायलाच पाहिजे. मांडावं सगळ्यांसमोर. वीस माणसांनी बघितलेलं हत्यार तुझ्या हातात पुन्हा कुणी देणार न्हाई. धुळाजी विचारतील, कुणाचं, तेव्हा मी म्हणणार, मला ओढ्यात सापडलं, लोखंड दिसलं म्हणून पुजलं. अडाणी म्हातारीला कोण धरतंय? तोंडात वाक्य तयार होतं.

पण धुळाजींनी मला विचारलंच न्हाई. त्यांनी शहादेवचा हात धरला. मी तोंड उघडेस्तोवर तू पुढं झाला होतास. माझा सगळा बेत बरोबर होता, फक्त तू असं करशील हे मी धरलं नव्हतं. मला वाटलं होतं तू मागच्या मागं निघून जाशील. इस्तरीवाला गेला असता. दुसऱ्याचा बाप धरला तरी त्यानं मान वळवली नसती. मी मागून ओरडत राहिले, ते मला सापडलंय, मला सापडलंय. पोलीस म्हणले, आजी, तुमी बसा.

तर तू जेलात हायस तो माझ्यामुळं. राग धरायचा तर माझा धर. शर्ट द्यायचा तर मला आणून दे, मी घरीच असते. त्या माणसानं तुझं काही केलं न्हाई. बंकट तुला त्याच्यावर सोडतोय, कारण दसऱ्याचं राहिलेलं काम त्याला संक्रांतीला करून पाहिजे. वकीलपत्रावर सही केलीस की तू सुटशील, पण सुटून घरी येणार न्हाईस, वाड्यावर जाशील. मला तू घरी पाहिजे. उशिरा चालंल.

आजी

(हे लिहिताना मी दोनदा थांबले. आजीनं एकदाही वाचून दाखव म्हटलं नाही. — रोहिणी)

ता. ११ डिसेंबर २०२५

सत्यम,

मी रोहिणी. हे आजीचं पत्र नाही, तिला माहीत नाही मी लिहितेय.

२७ तारीख जाऊन चौदा दिवस झाले. तुझं काही नाही. मुलाखतीला आम्ही दोनदा आलो, दोन्ही वेळा आतून निरोप आला, येत नाही म्हणतो. दुसऱ्या वेळी आजी जाळीसमोरून हललीच नाही. शेजारच्या बाईचा मुलगा आला होता, त्यालाच म्हणाली, जेवतो का रे आमचा झेंडू?

बंकट दोन वेळा येऊन गेला. पहिल्यांदा जीपमधूनच म्हणाला, पोराला समजावा. दुसऱ्यांदा ओट्यावर बसला. आजीनं चहा दिला आणि विचारलं, "बंकट, तुला आजी हाय का रे?" तो म्हणाला, वारली. आजी म्हणाली, "तरीच." तो चहा अर्धा टाकून गेला. पण तो गेल्यावर तिनं ती बशी तीन वेळा धुतली.

"पोराला समजावा" म्हणजे काय? तू सही केली की नाही केली? नसेल केली तर दोन ओळी लिही. केली असेल तरी लिही. ती दिवसभर पोस्टमनच्या वाटेवर उभी असते आणि संध्याकाळी म्हणते पाय दुखतात, कशानं दुखतात कळत नाही. बाजेवर पडते ती दाराकडं तोंड करून.

रोहिणी

ता. १९ डिसेंबर २०२५

आजीस.

सही केली नाही.

वकील आला होता, साहेबांनी मला ऑफिसात बोलावलं. पेन हातात दिलं. तुझं पत्र दोन दिवस आधी मिळालं होतं, खिशात होतं. खरं सांगतो, तुझ्या पत्रामुळं नाही. पत्र वाचून तर मी सही करणारच होतो. सगळ्या जगानं मला फसवलं तेवढं पुरं नव्हतं, त्यात तू. दोन महिने मी तुला बिचारी म्हणत होतो. बराकीत तुझं नाव घेऊन लोकांशी भांडलो, की माझ्या आजीला हसू नका, तिला कळत नाही.

आदल्या दिवशी नांदूरघाटच्या काकांना विचारलं होतं, तुम्ही भावाकडं गेलात तेव्हा काय झालं. त्यांनी कधी कुणाला सांगितलं नव्हतं. म्हणाले, "दार उघडंच होतं. तो भाजी निवडत बसला होता. मला बघून म्हणला, ये, बस, चहा टाकायला सांगतो. मी बसलो. चहा पिला. मग उठलो."  आपलं ताट धुऊन आल्यावर म्हणाले, "तुझ्या पिक्चरमध्ये समोरच्याला बोलू देत नाहीत, म्हणून बघवतो."

पेन हातात होतं आणि मला दसरा दिसत होता. बद्रीनाथला मी ओळखतो आजी. लहानपणी त्यांच्या बोरीची बोरं आम्ही चोरायचो, ते हातात काठी घेऊन यायचे आणि येताना मुद्दाम खोकायचे, म्हणजे आम्ही पळावं. ते म्हणाले असते, ये सत्यम, सोनं दे. मी नुसतं दाखवलं असतं की नाही, मला माहीत नाही. मी रोज सात पावलं चालतो आणि मला माहीत नाही.

पेन परत दिलं. वकील म्हणाला, विचार कर, भैया विसरत नसतात. मी म्हणालो, झालं. सरकारी वकिलाचा अर्ज दिलाय. काल एक बाई वकील येऊन गेल्या, म्हणाल्या वेळ लागेल. कट्टा कुणी दिला ते मी त्यांना सांगितलं, लिहून दिलं. त्या म्हणाल्या, घरच्यांनी काही दिवस एकटं राहू नये. रोहिणीनं आणि तू मामाकडं तेलगावला जावं असं मीच म्हणतो. ऐक.

पिक्चर सांगायचं बंद केलं. लोक चिडले. काका चिडले नाहीत.

आणि एक. मी घरी आलो तरी तुझ्याशी बोलणार नाही. तू बरोबर असशील. पण तू मला एक शब्द विचारला नाहीस, भिंतीमागं उभी राहून माझी परीक्षा घेतलीस, मी नापास झालो आणि तू मला सांगितलं पण नाहीस. मी बोलणार नाही. हे रोहिणीकडून नीट वाचून घे, तिनं गाळायचं नाही.

सत्यम

तेलगाव
ता. २८ डिसेंबर २०२५

सत्यम,

तिनं गाळलं न्हाई. तीन वेळा वाचून घेतलं.

आमी मामाकडं आलोय. इथं खोलीला दार हाय, दाराला कडी हाय. मामीनं पयल्या दिवशी मला एकटीला ताट वाढून दिलं आणि दार ओढून घेतलं, म्हणली सावकाश जेवा. मी कडी लावली. दोन घास खाल्ले आणि उठून कडी काढली. एवढ्या शांततेत घास उतरत न्हाई, हे पिक्चरवाल्यांनी कधी दाखवलं न्हाई.

भिंतीचं तू बरोबर बोललास. मी भिंतीपलीकडून हाक मारायला पाहिजे होती. मला भीती वाटली की तू खोटं बोलशील, आणि मला ते ऐकायचं नव्हतं. म्हणून मी तुझ्याऐवजी कोठीतल्या लोखंडाशी बोलले. माझं चुकलं. असं मी तुझ्या आजोबालासुद्धा कधी म्हणले न्हाई, रोहिणीला विचार, तिनं पेन खाली ठिवलंय.

बोलू नकोस. मी तुला बोल म्हणणार न्हाई. तू ओट्याच्या त्या टोकाला बसायचं, मी ह्या टोकाला. पण जे काय न बोलायचं ते घरी येऊन, माझ्यासमोर बसून न बोल.

आजी